एक्स-रेतलं हळकुंड

रंजना एक्स-रे रूमच्या दाराशी जमिनीवरच बसून राहिली होती. गळ्यातलं मंगळसूत्र तिनं मुठीत घट्ट धरलं होतं. बाहेर बाकावरची लाइन वाढत होती. आत मशीनपाशी उभे असलेले आमचे टेक्निशियन शिंदेदादा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्याचा अर्थ मला पाठ आहे. सुनंदा, हिला तू समजाव.

पनवेलच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये, एक्स-रे विभागात मी अटेंडंट आहे. एक्स-रे काढतो तो टेक्निशियन. मी पेशंटला गाउन देते, अंगावर धातूचं काही असेल तर बाजूला ठेवायला सांगते, प्लेटसमोर नीट उभं करते. मी आठवीत शाळा सोडली. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनवर हेल्पर म्हणून लागला, म्हणून गडचिरोलीहून एवढ्या लांब आले. मशीनवरची इंग्रजी बटणं बघून पहिल्या दिवशी मला घाम फुटला होता. शिंदेदादांनी ठेवून घेतलं, शिकवलं, दोनदा चुकले तरी तिसऱ्यांदा शिकवलं. म्हणूनच त्यांच्या कपाळावर आठी दिसली की आपलंच काही चुकलं असं मला वाटतं. अजूनही वाटतं.

मी रंजनाशेजारी बसले आणि रोज सांगते तेच सांगितलं. मंगळसूत्रातलं सोनं, मणी एक्स-रेत पांढरे उमटतात. मग त्यांच्यामागचं फुप्फुस दिसत नाही. क्षणभर बाजूला ठेव, लगेच परत घाल. तिनं मानेनंच नाही म्हटलं. बोलली तिची सासू, धर्मीबाय.

"नाय निंगायचा त्यो. पोरगा दर्यान हाय माजा."

मला लगेच उमजलं नाही. मग म्हातारीनंच फोड करून सांगितलं. रंजनाचा नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी. बोट समुद्रात गेलेली, अजून परतायची होती. माणूस पाण्यावर असेपर्यंत त्यांच्या घरची बाई गळा मोकळा ठेवत नाही. अंघोळीला बसतानाही नाही.

असं नाही की आम्हाला हे नवीन होतं. मंगळसूत्र काढायला बऱ्याच जणी कचरतात. कुणाचं आखूड असलं तर दातात धरायला सांगतो. रंजनाचं लांब होतं, दुपदरी. मी तरी सुचवून बघितलं. "तोंडान धरायचा? उष्टा करायचा?" धर्मीबाय म्हणाली, आणि मला माझीच लाज वाटली. पाठीवर टाकूनही उपयोग नसतो. किरण आरपार जातात, पाठीवरची वस्तूही तितकीच उमटते.

शिंदेदादा आतून म्हणाले, "काढा हो बाई, दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर नाही म्हणा आणि जा. मागे माणसं खोळंबलीत."

दादा वाईट माणूस नाही. त्यांची लाइन रोजच लांब असते. पण 'काढा' हा शब्द मंगळसूत्राला कुणी लावत नाही. तुटलं तरी 'वाढलं' म्हणतात. धर्मीबाय गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल गो, घरा जाऊ."

त्या गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, हे मला कळत होतं. त्यांचं गाव खाडीच्या काठावर, विमानतळाच्या भिंतीपलीकडे. गावात डॉक्टर नाही. इथे यायचं तर रिक्षा बदलत यायचं आणि त्या दिवसाची मासळीची पाटी बुडवायची. रंजनाला कितीतरी दिवस खोकला होता. संध्याकाळी अंग तापायचं, ब्लाउज दंडात ढिले झाले होते. टीबीचा संशय होता. त्यासाठी थुंकी तपासतात, पण तिचा खोकला कोरडा. डबीत नुसती लाळ आली, ती तपासणीला चालत नाही. म्हणून सगळी भिस्त एक्स-रेवर. आणि घरात अंगावर पिणारं बाळ. छातीत टीबी असेल आणि आई दिवसभर त्याला कुशीत घेऊन बसत असेल, तर थांबायला वेळ नव्हता.

घाबरले की मी जे करते तेच केलं. डॉ. हॅनांना फोन लावला.

डॉ. हॅना आमच्याकडे इंटर्न होत्या. इंटर्न म्हणजे एमबीबीएसची परीक्षा झालेली, पण पुरतं डॉक्टर म्हणवून घ्यायच्या आधी हॉस्पिटलमध्ये राबायचं, ते वर्ष चालू असलेली. पनवेलच्याच, बेने इस्रायली घरातल्या. म्हणजे कोकणातले ज्यू लोक. बोलणं पक्कं पनवेलचं. रंजनाच्या गावात हॉस्पिटलनं घेतलेल्या तपासणीच्या कॅम्पमध्ये बायकांनी त्यांचं नाव हनाबाय करून टाकलं होतं. त्या कॅम्पमध्येच त्यांनी रंजनाला तपासून इकडे बोलावलं होतं.

त्या आल्या आणि धर्मीबायसमोर उकिडव्या बसल्या. मला वाटलं आता टीबी, बाळ, धोका असं सगळं सांगतील. त्यांनी एक्स-रेचं नावच काढलं नाही.

"आजी, कधी मंगळसूत्र वाढलं, तर नवीन ओवून मिळेपर्यंत तुम्ही काय करता?"

"काय म्हंजे? पिवल्या दोऱ्यान हलकुंड बांदायचा. गला मोकला नाय ठेवायचा."

"मग आत्ता तसं बांधलं तर चालेल?"

धर्मीबायनं सुनेकडे बघितलं. रंजना खोकत होती, तिचा खोकला थांबेपर्यंत ती बघतच राहिली. मग म्हणाली, "मी बांदीन. तुमी कोन हात नाय लावायचा."

मी धावले. कॅन्टीनमध्ये हळद होती, पण पावडर. बाहेर पूजेच्या सामानाच्या दुकानात हळकुंडं मिळाली. शिवायचा पांढरा दोरा लाँड्रीतल्या बाईंकडून घेतला आणि कॅन्टीनच्या हळदीत चोळला. दादांनी तोवर दुसरे पेशंट आत घेतले होते. मला बघून म्हणाले, "नारळ आणि सुपारी विसरलीस का?" मी हसले. धर्मीबाय हसली नाही.

आत पडद्यामागे म्हातारीनं आधी हळकुंडाचा दोरा सुनेच्या गळ्यात बांधला. मग डोक्यावरून मंगळसूत्र अलगद वर घेतलं, स्वतःच्या पदराच्या टोकात गाठ मारून कमरेला खोचलं. गळा क्षणभरही मोकळा राहिला नाही.

छातीचा एक्स-रे आम्ही उभ्यानं काढतो. पेशंटचं तोंड प्लेटकडे, पाठ मशीनकडे. छाती प्लेटला घट्ट टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. हळकुंड दोऱ्यावर लोंबत होतं. डॉ. हॅना म्हणाल्या, अगदी मधोमध राहिलं तर मणक्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडेल, फुप्फुसावर येणार नाही. दादांनाही ते पटलं. मी ते छातीच्या मधोमध सारलं. रंजनानं छाती टेकवली. "श्वास घ्या. रोखून धरा." झालं. धर्मीबायनं मंगळसूत्र परत सुनेच्या गळ्यात घातलं, मग दोरा सोडला. हळकुंड रंजनानं मुठीत घेतलं. रिपोर्टला पुन्हा यायचं सांगून आम्ही त्यांना पाठवलं. मला फार बरं वाटलं होतं.

दुपारी मांजरेकर सर एक्स-रे बघायला बसतात. सर छातीचे डॉक्टर, आमचे हेड. कमी बोलतात. शिकायला म्हणून डॉ. हॅना त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. मी धुतलेले गाउन कपाटात लावत होते. रंजनाची इमेज स्क्रीनवर आली.

"उजवीकडे वर ओपॅसिटी," सर म्हणाले. ओपॅसिटी म्हणजे जिथे फुप्फुस काळं दिसायला हवं तिथे पांढरा डाग. वरचा भाग ही टीबीची आवडती जागा. "खोकला, ताप, वजन, सगळं जुळतंय. ट्रीटमेंट सुरू करा."

शिंदेदादा दारात होते. सकाळी इमेज आली तेव्हाच आपल्याला शंका आली होती, असं ते हळू आवाजात म्हणाले. मला रंजनाचं बाळ आठवलं.

डॉ. हॅनांनी खाली बघून लिहून घ्यायला हवं होतं. त्या स्क्रीनकडे झुकल्या.

"सर, याच्या कडा फार स्वच्छ आहेत." मग थोडं थांबून, "सर, मला वाटतं ते हळकुंड आहे."

सरांनी खुर्ची वळवली. "काय आहे?"

डॉ. हॅनांनी सगळं सांगितलं. छाती प्लेटला दाबली तेव्हा हळकुंड मधून घसरून बाजूला गेलं असणार. नीट बघितलं तर दोऱ्याची बारीक रेघही वर जाताना दिसत होती. शरीरातलं नसून एक्स-रेत उमटलेल्या अशा गोष्टीला आर्टिफॅक्ट म्हणतात. पेशंटच्या अंगावर असं काही राहू न देणं हेच माझं काम. मी हातातले गाउन खाली ठेवले. मी तोंड उघडणार तोच डॉ. हॅना म्हणाल्या, "निर्णय माझा होता, सर."

"डॉक्टर, आपण इथे एक्स-रे काढतो की लग्नं लावतो?"

दादांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सर, इमेज मी पण बघितली होती. हळकुंड बांधलंय हे माहीत असून मलाही तो फुप्फुसातला पॅचच वाटला."

सर परत स्क्रीनकडे वळले. आता ट्रीटमेंट सुरू करता येत नाही, आणि टीबी नाही असंही म्हणता येत नाही, असं म्हणाले. रिपीट करा. म्हणजे पुन्हा एक्स-रे. "पेशंट परत आणणं तुमच्याकडे. आणि पुढच्या वेळी लोकांच्या रीती सांभाळताना थोडं फिजिक्सही सांभाळा."

पेशंट परत आणायचा कसा? धर्मीबायनं दिलेला फोन नंबर रंजनाच्या नवऱ्याचा होता, आणि तो समुद्रात, रेंजबाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. हॅना आणि मी निघालो. बाईमाणूस सोबत असलेलं बरं म्हणून दादांनी मला मोकळं केलं. माझं काम त्यांनी स्वतः केलं, गाउनसुद्धा दिले. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही.

रिक्षा विमानतळाच्या भिंतीकडेनं चालली होती. ती भिंत संपतच नाही. मी विचारलं, मॅडम, तुमचे सगळे नातेवाईक तिकडे इस्रायलला, तुम्ही इथे कशासाठी उन्हात फिरता? विचारल्यावर वाटलं, जास्त बोलले. पण त्यांनी सांगितलं.

त्यांची आजी एकदा एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होती. त्यांच्यात वर्षातून एक दिवस कडक उपास असतो, पाण्याचा थेंबही नाही. तो दिवस हॉस्पिटलमध्येच आला. आजीनं गोळ्या घेतल्या नाहीत, चहाला तोंड लावलं नाही. सिस्टर रागावली, डॉक्टर रागावले, म्हातारी हट्टी आहे असं सगळ्यांनी ठरवलं. आजी कुणाला काही सांगेना. दरवेळी आपण कोण ते पहिल्यापासून सांगायचा तिला कंटाळा आला होता. संध्याकाळी एक शिकाऊ डॉक्टर आली आणि पलंगावर बसून तिनं विचारलं, आजी, आज काय आहे? तेवढंच. मग तिनं सीनियरला विचारून उशीर चालणाऱ्या गोळ्या अंधार पडल्यावर दिल्या, आणि एका गोळीला उशीर का चालणार नाही ते समजावलं. आजीनं ती घेतली.

"मी तेव्हा शाळेत होते," डॉ. हॅना म्हणाल्या. "मला ती डॉक्टर व्हायचं होतं. आणि काल मी विचारलं ते बरोबर, पण बघितलं नाही."

मीही मग माझ्या आईचं सांगितलं. आई गोंडी बोलते. तालुक्याच्या दवाखान्यात भरभर मराठीत विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना ती हो म्हणाली. दुखतं का, हो. थांबलं का, हो. गोळ्या घेऊन आली आणि कशाच्या ते आजतागायत तिला माहीत नाही. डॉ. हॅनांनी आईला गोंडीत काय म्हणतात एवढं विचारलं, आणि मी सांगितल्यावर दोनदा म्हणून बघितलं.

धर्मीबाय ओट्यावर सुकी मासळी निवडत होती. आम्हाला बघून हात थांबले नाहीत.

"आता काय ऱ्हायला?"

"आजी, चूक आमची झाली," डॉ. हॅना म्हणाल्या. "हळकुंड सरकलं. त्याची सावली फुप्फुसावर आली. आतलं काय ते कळत नाही. पुन्हा एक्स-रे काढावा लागेल."

"म्हंजे माजे हलकुंडाचा दोस."

"हळकुंडाचा नाही. आम्ही नीट बघितलं नाही."

म्हातारीनं एक बोंबील उचलून खालीवर बघितला आणि बाजूला टाकला. तुमी शिकलेली मानसा, तुमालाच दिसना तर आमाला कवा दिसायचा, असं काहीतरी पुटपुटली. बोट अजून परतली नव्हती, म्हणजे अडचण होती तिथेच होती. पुन्हा भाडं, पुन्हा पाटी बुडणार. मला वाटलं संपलं.

रंजना आतून बाळाला घेऊन आली होती. आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती एक शब्द बोलली नव्हती.

"मी येतंय," ती म्हणाली.

सासूनं मान वर केली.

"त्याई माजा गला मोकला नाय ठेवला, आई. मी येतंय."

ती आत गेली आणि देवापुढे ठेवलेलं तेच हळकुंड दोऱ्यासकट घेऊन आली. धर्मीबायनं ते हातात घेऊन दोरा ताणून बघितला. मग उरलेली मासळी टोपलीत लोटली. "लांब बांदला म्हनून सरकला. गल्याशी बांदू, आखूड. मंग कुटं जातो?"

डॉ. हॅनांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून बघितलं. फुप्फुसाचं टोक गळ्याच्या हाडाच्या जरा वरपर्यंत येतं. त्याच्याही वर, कंठाशी बांधलं तर सावली फुप्फुसाबाहेर पडेल. "चालेल," त्या म्हणाल्या. "इथे. याच्या खाली नाही."

दुसरा एक्स-रे त्याच दिवशी झाला. या वेळी मी हळकुंड आधी बघितलं, रंजनानं छाती टेकवल्यावर बाजूनं हात घालून पुन्हा चाचपलं. दादांनीही येऊन बघितलं. "रोखून धरा."

स्क्रीनवर इमेज आली. हळकुंड वर गळ्यात, एकटं, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. आणि उजवीकडे वर, काल जिथे त्याची सावली होती तिथेच, एक लहानसा डाग. कडा पुसट, ढगासारखा. हळकुंड बरोबर त्याच्यावर येऊन बसलं होतं.

मांजरेकर सरांनी कालची इमेज शेजारी लावली. "म्हणजे माझं कालचंच बरोबर होतं."

"बरोबर नव्हतं, सर," डॉ. हॅना म्हणाल्या. "योगायोगानं जुळलं होतं."

मी कपाटाकडे तोंड केलं. आता काय होतंय याची भीती वाटली. सरांनी फक्त पुढचं सांगितलं. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन थुंकी घ्या, म्हणाले. वाफेनं कोरडा खोकला सुटतो. या वेळी नमुना नीट आला आणि टीबी आहे हे नक्की झालं. रंजनाची औषधं सुरू झाली. बाळाला लागण झालेली नव्हती. त्यालाही खबरदारीचं औषध दिलं.

बोट परतल्यावर रंजनाचा नवरा आला. घरातल्या सगळ्यांची छाती तपासावी लागते. त्याच्या गळ्यात चांदीची जाड चेन होती. मी चाचरतच म्हटलं, दादा, ही जरा बाजूला... वाक्य पुरं व्हायच्या आत त्यानं ती काढून टेबलावर ठेवली. बाकावरून धर्मीबाय म्हणाली, "त्याला काय? त्याची बायको घरान सुखरूप हाय."

त्या दिवशी मात्र ती हसली.

रंजनानं औषधांचा कोर्स पुरा केला. मध्ये उलट्या व्हायच्या, गोळ्या नको वाटायच्या. तेव्हा ती हनाबायला फोन करायची, आणि त्या उचलायच्या. शेवटच्या एक्स-रेला आली तेव्हा ब्लाउज दंडात बसत होते. नवरा तेव्हाही समुद्रात होता. हळकुंड तिनं घरून आणलं होतं.

डॉ. हॅनांची इंटर्नशिप संपली. घरचे अजून तिकडे बोलावतात. त्या खाडीपलीकडच्या एका सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाल्या आहेत. पुढचं शिक्षण घेणार आहेत, पण आधी हे, असं म्हणाल्या. जाताना त्यांनी मला त्यांचा नंबर पुन्हा एकदा नीट सेव्ह करून दिला. मी अजून घाबरले की लावते. मागच्या उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा आईच्या गोळ्यांचा फोटो त्यांना पाठवला. त्यांनी मला समजावलं, मी आईला गोंडीत.

मांजरेकर सरांनी या प्रकाराबद्दल कधी चांगलं म्हटलं नाही. पण एक दिवस एक्स-रे रूमच्या भिंतीवर त्यांच्या अक्षरात कागद लागला. 'हळकुंड असल्यास कंठाशी बांधावे. छातीवर लोंबू देऊ नये.' खालच्या ड्रॉवरमध्ये आता हळकुंडांची डबी आणि पिवळ्या दोऱ्याचं रीळ असतं. संपत आलं की शिंदेदादाच आणतात. नवीन आलेल्या टेक्निशियनला तो कागद चेष्टा वाटला. मी त्याला ड्रॉवर उघडून दाखवला.

मी माझ्या कामापुरतं एवढंच शिकले. आधी विचारायचं. बांधायचं ते त्यांच्या माणसानं बांधायचं. आणि बटण दाबायच्या आधी पुन्हा एकदा हात लावून बघायचं, हळकुंड कुठे आहे.